नाचणीच्या पारीतला आंबा

विलेपार्ले,
१४ मे १९८४

सौ. विमलाताईंस,

नलिनीचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे उकाड्याने जीव नकोसा झालाय. डॉक्टर म्हणतात, माझ्या अंगात रक्त कमी आहे. मी म्हटलं, घरात सून आहे ना, ती बघेल.

आणि बघतेच आहे. शाळेला सुट्टी लागल्यापासून तुमच्या जयंतीने मला धडधाकट करण्याचा विडाच उचललाय. परवा तिने फ्रूट पाय केला. म्हणजे गोड सारण भरलेली जाड पोळीच, पण ओव्हनमध्ये भाजलेली. मैद्याला घरात बंदी, म्हणून पारी नाचणीची. पहिल्या खेपेला तिचा पार भुगा झाला. बाईसाहेबांनी तो भुगा मला दुधातून खायला घातला आणि दुसऱ्या खेपेला कणीक अन् लोणी घालून पारी अशी जमवली की मी बघतच राहिले. आत करवंदं, साखरेऐवजी खजूर. करवंदांच्या बिया काढून काढून बोटं जांभळी झाली, पण कुरकुर नाही. एवढी चिकाटी माझ्यात कधीच नव्हती.

करवंदं तिच्या शाळेतले मधुकर सर घेऊन आले होते. चांगला माणूस आहे. दोन तुकडे खाल्ले आणि स्वतःची बशी स्वतः विसळली. आंबेही आणले होते, ते मात्र जयंतीने तसेच परत दिले.

तुम्हाला ठाऊक आहे, विद्याधर गेला त्या वर्षी मी काशीला जाऊन आंबा सोडला. माझ्या मुलाचं ते आवडतं फळ. घरात आंबा येईनासा झाला, पण जयंती बाहेर मैत्रिणींकडे खात असेल, असं मी धरून चालले होते. मधुकर सर गेल्यावर तिला विचारलं.

"तुम्ही खात नाही ते मी कसं खाऊ, आई?"

"आंबा मी सोडलाय, तू नाही," मी म्हटलं. "उद्या आंब्याचा पाय कर. आणि मधुकरला बोलाव."

केला. सारं घर घमघमलं. मला त्यातलं चालणार नव्हतं, मी नुसती समोर बसले. पहिल्या घासाला जयंती रडली. मग डोळे पुसून तिने आणखी एक तुकडा घेतला. तिला असं चवीने खाताना मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

आता खरं ते लिहिते. मधुकरने तिला लग्नाचं विचारलंय. ती नाही म्हणाली, कारण मी एकटी पडेन आणि तुम्ही रागवाल. हे मला त्याने सांगितलं, तिने नाही. माझी काळजी करू नकोस, असं मी तिला बजावलंय. ती गेली की घर मला खायला उठेल, खोटं कशाला बोलू? पण एवढी गुणी पोर माझ्या औषधांच्या वेळा सांभाळत म्हातारी झालेली मला बघवणार नाही.

राहिला तुमचा राग. विमलाताई, तो सोडा आणि दोघं या. मुलीचं कन्यादान करा. लोकांना काय उत्तर द्यायचं ते मी बघते. तुम्ही नाही आलात, तर कन्यादान मी करीन. विधवेने ते करावं की नाही, हे मी कुणालाही विचारणार नाही.

तुमची,
नलिनी
अजून थोडे दिवस जयंतीची सासू