जुना नमुना खिशात

१२ मार्च ९६, मंगळवार. रावेर

डोकं फिरलंय नुसतं. सुनबाई घरी लग्नपत्रिका करते, तिचा कॉम्प्युटर फार रेंगाळतो. म्हणून नवा प्रोसेसर आणायला जळगावला गेलो. आपली रीत एकच. ट्रॅक्टरचं बेअरिंग असो की पंपाचा वॉशर, जुना काढून दुकानात न्यायचा अन् तसाच आणायचा. तिला न विचारता जुना प्रोसेसर उपटला, रुमालात गुंडाळून खिशात घातला. एसटीत ही गर्दी!

दुकानदाराने रुमाल सोडला अन् हसला. "आबा, हा कशाला आणला? हा ज्या बोर्डावर बसतो त्याचा नंबर पाहिजे. अन् याच्या तर पिना वाकल्या!"

मग असं आधी कोणी सांगायचं? बेअरिंग कधी वाकतं का?

नवा न घेताच परतलो. घरी सुनबाईने तोच रुमाल सोडला. पाटलांच्या पत्रिका परवा द्यायच्यात. सुई घेऊन एकेक पिन सरळ करायला बसली.

"मी करू का?"

"नको आबा. तुमचा चष्मा तेवढा द्या, बारीक दिसत नाही."

म्हणून हे अक्षर असं वाकडं.

आत्ता आतून कॉम्प्युटरची टीं वाजली. लागला म्हणायचा. पण चष्मा मागायला जायची हिंमत होत नाही.