सुविधेची करटी

चोपडे, पेडणे
शुक्रवार, ता. १४ ऑगस्ट १९८७

चि. सौ. भाग्यलक्ष्मीस, चोपड्याहून तुझ्या सासूचे आशीर्वाद.

वर्षभरात एक ओळ नाही आणि आज एकदम पत्र, म्हणून घाबरू नकोस. सगळी हातीपायी धड आहेत. माझ्या कृष्णनाथाचा खोकला कारखान्यात वाढतो आणि रविवारी कमी होतो, म्हणजे आजार तुयेच्या शेडीतच आहे. गाय गाभण आहे. चवथ दोन आठवड्यांवर आली, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान अजून जमलं नाही. गोव्याचं राज्य झालं तेव्हा पेडण्यात पेढे वाटले, पण आमच्या रस्त्याच्या खड्ड्यांना ते कोणी कळवलेलं दिसत नाही.

मी देवळातल्या शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, तेव्हा अक्षरांना हसू नकोस. तोंडाला येते ती भाषा कागदावर येत नाही, कागदावर मराठीच येते. तुझे भाऊ कोकणीवाले, त्यांना हे वाचून दाखवू नकोस. भाषेसाठी नव्हे. पुढे कळेल.

तुझी सुविधा बालवाडीत जाते. तिथे योगिताबाई म्हणून एक आली आहे, घाटावरची, गडहिंग्लजकडची. नवरा कृष्णनाथाच्याच कारखान्यात. ही मुलांना पाटी देत नाही. चमचा बुडतो का, बूच तरंगतं का, ते बाल्दीत टाकून बघायला लावते. भिंग देऊन मुंग्या दाखवते. मी तिला तोंडावर म्हटलं, "पाण्यात काय बुडतं ते कळायला चोपड्याच्या पोरांना शाळा कशाला? नदी आहे." ती हसली. म्हणाली, "आजी, बघितलेलं निराळं आणि करून बघितलेलं निराळं." मला काही ती बाई आवडली नाही.

जुलैत तिने सांगितलं, प्रत्येकाने घरून मूठभर भात आणा, सालासकट. नारळाच्या करटीत माती घालून पेरू आणि रोज बघू. बियाण्याचं भात मी खेळायला देत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून दुसऱ्या डब्यातलं दिलं. एकवीस करट्या होत्या. वीस हिरव्या झाल्या. हिची नाही.

रोज सकाळी केस विंचरायच्या आधी पळायची. उकरून बघायची, पुन्हा माती लोटायची. आठ दिवस. मग पळायची थांबली.

मध्येच उठून गाईला पेंड घालून आले. आज बूड एका जागी टेकत नाही.

तर योगिताबाई घरी आली. दारापुढच्या बलकांवात बाकावर बसली, चहा नको म्हणाली. "आजी, माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. वीस उगवल्या बघा, हिचीच न्हाई. मग बदललं काय?"

"मला काय विचारतेस? मास्तरीण तू."

"मला न्हाई कळलं म्हणून तर आले."

सुविधा जनेलाच्या गजांजवळ उभी होती, हात पाठीमागे धरून. तिथून म्हणाली, "बाई, हात बदललो."

बाईला कळलं नाही. मला कळलं. सगळं तेच, फक्त पेरणारा हात दुसरा. शिकवल्याप्रमाणे पोरीने विचार केला होता, त्यात काही चूक नव्हती.

"माजो हात वायट. आईचोय तसोच. आजयेन सांगलां."

बाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पोरं काय वाट्टेल ते बोलतात, आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेले. चुलीवर दूध नव्हतं.

त्या दिवसापासून ती कशाला हात लावीना. कोंबड्यांना कण टाकीना. शाळेत दुसऱ्यांच्या करट्यांपासून लांब बसायची, आणि मग पोरंच तिला लांब बसवू लागली. गोठ्यात तर येतच नव्हती. का म्हणून विचारलं तर म्हणे वासरू पोटात मरेल. पाच वर्षांची पोर.

आता लिहिते. मी दिलेलं भात उकडं होतं. आपण भात सालासकट उकडतो, वाळवतो आणि मग गिरणीत नेतो. घाटावरच्या माणसाला हे कुठलं माहीत? साल असेपर्यंत तिला कच्चं आणि उकडं सारखंच. मला नाही. चाळीस वर्षं मी भात उकडते आहे, डोळे मिटून बोटाला कळतं. तेव्हा चुकून दिलं असं मी म्हणणार नाही. वर डब्याचं लिहिलं ते अर्धं खरं आहे. बियाण्याची मूठ मी आधी काढली होती. तेवढ्यात ती म्हणाली, कोंब आला की करटी डिचोलीला आईकडे नेणार. वेणी मी घालते, ताप आला की कुशीत मी घेते, आणि पहिला कोंब तुला. मूठ परत कणगीत टाकली आणि उकड्याच्या डब्यातली भरली. पोराचा खेळ, चार दिवसांत विसरेल, असं वाटलं.

गेल्या शुक्रवारी दोन पुड्या बांधून शाळेत गेले. योगिताबाईने मला त्या बुटक्या कदेलावर बसवलं, गुडघे हनुवटीला. एकवीस पोरांसमोर सांगितलं, हे उकडं, हे कच्चं, सुविधेला मी उकडं दिलं होतं. एक पोरगी म्हणाली, "आजये, तूं फटींग!" लबाड म्हणाली. बाईने तिला गप्प केलं नाही, ते बरं केलं. दोन्ही करट्यांत सुविधेनेच पेरलं, तिच्याच हाताने.

काल कच्च्याला कोंब आले. एक, दोन नव्हे, सगळ्यांना. मला वाटलं, नाचेल. नाचली नाही. घरी येताना बांधावर थांबली आणि विचारलं, "मगे आईकय तुवें उकडिल्लें दिल्लें?"

म्हणजे आईलाही तूच उकडं दिलं होतंस का?

पोरीने नुसतं विचारलं. तिला काय ठाऊक?

गेल्या वर्षी तुझं मूल सातव्या महिन्यात गेलं तेव्हा सगळ्या वाड्यासमोर मी म्हटलं, हिच्या हाताला वाढ नाही. तू त्याच आठवड्यात डिचोलीला माहेरी गेलीस. पण त्याआधी पंधरा दिवस वत्सला सुईण मला परसात बाजूला घेऊन सांगून गेली होती, सुनेला बसवून ठेव, मूल खाली आलं आहे. मी ते तुलाही सांगितलं नाही, कृष्णनाथालाही नाही. लावणी अडली होती, मजूर मिळत नव्हते, आणि माझी दोन बाळंतपणं शेतातच झाली याचा मला ताठा. तुला चिखलात उतरवलं मी. सुईण मार्चमध्ये वारली. आता हे माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही.

बांधावर मी सुविधेला म्हटलं, होय. ती म्हणाली, मग आईला सांग. मी म्हटलं, लिहिते.

परवा रविवारी कृष्णनाथ तिला तुझ्याकडे घेऊन येईल, पत्र तिच्याच पिशवीत असेल. त्याला यातलं काही ठाऊक नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव, मी नाही म्हणणार नाही. ती तुला विचारील, आजीने लिहिलं का. तेवढं मात्र होय म्हण.

चवथीला ये असं लिहायला मला तोंड नाही. पोरीला ठेवून घ्यायचं असेल तर ठेव. तिचे सगळे कपडे पिशवीत भरले आहेत, कृष्णनाथाने विचारलं तर मीच भरले म्हणून सांग. डाव्या कुशीवर निजते, पांघरूण टाकते, लक्ष ठेव.

तुला लावणीत उतरवलेली,
शेवंती