निरोगी हृदय म्हणून माझं

माझ्या पळपुट्या धाकट्या भावास ताईचा आशीर्वाद,

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण गिळण्याइतपत बरं आहे. आईचा गुडघा काय म्हणतोय?

फोनवर मी 'पळायला जाऊ नकोस' म्हटलं आणि तू हसलास. आई शेजारी होती, म्हणून कारण सांगता आलं नाही. तुझा फोन तीही बघते, म्हणून हे पत्र.

आमचं संशोधन आजारी हृदयांवर चालतं. तुलनेसाठी निरोगी हृदय लागतं, तेव्हा आम्ही विद्यार्थीच आळीपाळीने सोनोग्राफीच्या टेबलावर झोपतो. परवा माझी पाळी होती. मशीनवाल्या बाई एरवी अखंड बडबडतात, त्या वाक्य अर्धवट टाकून उठल्या आणि आमच्या सरांना घेऊन आल्या. माझ्या हृदयाची भिंत जाड झालीय. औषध सुरू केलंय. तू घाबरू नकोस, तेवढं काम मी एकटी पुरेपूर करतेय.

सरांनी विचारलं, "घरात कुणी अचानक गेलंय का?"

बाबा मैदानावर कोसळले, तेव्हा आपण ऊन लागलं म्हणालो होतो ना?

"भावंडांनाही असू शकतं," सर म्हणाले.

उद्याच हृदयाची सोनोग्राफी करून घे. आईला सांग, स्पर्धेसाठी लागते.

आणि सोन्या, दवाखान्यात जाताना बस सुटत असली, तर सुटू दे. तिच्यामागे धावू नकोस.

तुझीच,
ताई