दादासाठी विमा बघताना

बाबा, हल्ली विमा फोनवर मिळतो. त्यासाठी तुमच्यासारखं घाटंजीहून सायकल काढून गावोगाव हिंडावं लागत नाही, कुणाच्या ओसरीवर तासन्‌तास बसावं लागत नाही. फोनमध्ये वय टाकायचं, रक्कम टाकायची, की पॉलिसी एकीखाली एक येऊन उभ्या राहतात. प्रत्येकीपुढे चांदण्या असतात. कुणाला चार, कुणाला साडेचार. या चांदण्या कोण देतं ते मी बरंच शोधलं, मला सापडलं नाही. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "साडेचारातली ती अर्धी कायची कापली, ते विचार पह्यले." मी तेच विचारत बसले होते, म्हणून तुमची आठवण आली. एरवी येत नाही असं नाही, पण एरवी ती कामाच्या गडबडीत निघून जाते.

दादासाठी आरोग्याचा विमा बघते आहे. दादा आता साठीच्या उंबरठ्यावर आहे. तुम्ही गेल्यावर त्यानं राळेगावकडची आईच्या वाट्याची शेती कसायला घेतली आणि तो तिकडचाच झाला. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. त्याला शुगर आहे. गोळी घेतो, पण चहात साखर कमी टाकली की वहिनीकडे अशा नजरेनं बघतो की तिनं जणू त्याचं वावरच विकलं. मी यवतमाळला शाळेत गणित शिकवते, निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. मला सरकारी सोय आहे, त्याला कसलीच नाही. उद्या नागपूरच्या दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर काय, हा प्रश्न मी त्याला दर सणाला विचारते आणि तो दर सणाला म्हणतो, "पाहू नं." या वर्षी मी पाहू म्हणायला जागाच ठेवली नाही.

आणि मग वहिनीनं तिच्या बहिणीच्या मुलाचं नाव काढलं. हा मुलगा अलीकडे विम्याचं काम करतो. गाडीवरून फिरतो, पाठीला काळी बॅग, बोलायला गोड. वहिनी म्हणाली, "घरचाच पोरगा आहे. त्याच्याकडूनच घेऊन टाकू. दुसऱ्याकडून घेतली तं ताईले काय वाटन?" आपल्या जिल्ह्यात विम्याची तुलना इथेच संपते, बाबा. पॉलिसी कुणी उघडून बघत नाही. एजंट आपल्या लग्नाला आला होता का, आजारपणात भेटायला आला होता का, त्याच्या आईशी आपलं कसं आहे, एवढं तोलतात आणि सही करतात. तुमच्याकडेसुद्धा निम्मे लोक भिडेखातर यायचे. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि आवडत नव्हतं. म्हणून तर तुम्ही ती तुमची पद्धत पाडली होती.

घाटंजीचं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. बाजाराचा दिवस आहे. खेड्यावरून आलेला कुणी तरी भाजीची थैली दाराशी ठेवून आत बसला आहे, आई चहा गाळते आहे आणि तुम्ही पाटावर मांडी घालून त्याला पॉलिसी वाचून दाखवता आहात. पण सुरुवात मागून. काय मिळणार नाही ते आधी. अमुक झालं तर पैसे मिळणार नाहीत, तमुक लपवलं तर मिळणार नाहीत, हप्ता चुकला तर बंद पडेल. समोरच्याचा चेहरा हळूहळू उतरत चालला आहे. आई कप पुढे करत म्हणते, "आधी चहा तं पिऊ द्या त्यायले, मंग भेव दाखवा." तो माणूस हसतो, पण त्याचं ठरलेलं असतं की पुढच्या बाजारी दुसऱ्या एजंटाकडे जायचं, जो असलं काही वाचून दाखवत नाही. आई तुम्हाला म्हणायची की तुम्ही विमा विकत नाही, पिटाळता. मला तेव्हा आईचं पटायचं. आपल्या घरात पंखा उशिरा आला तो या वाचनामुळे, असं माझं पक्कं मत होतं.

एकदा तुम्ही बाहेर गेला होतात आणि शेजारच्या काकू विचारायला आल्या. मी कॉलेजात होते, घरात ऐकून ऐकून मला सगळं येतं अशी माझी समजूत होती. मी त्यांना एका पॉलिसीचं असं काही कौतुक सांगितलं की त्या खूश होऊन गेल्या. तुम्ही आलात, मी मोठ्या ऐटीत ते सांगितलं. तुम्ही चपला काढता काढता थांबलात. "चांगली आहे म्हणून सांगतलं तू त्यायले?" मी हो म्हटलं. "कोनासाठी चांगली?" मी म्हटलं, सगळ्यांसाठीच. "त्यायच्या घरी कमावनारा एक, खानारे सहा. त्यायले पैसा वापस पाह्यजे का आधार पाह्यजे? इचारलं तू? का लग्न जमवल्यासारखे नुसते गुन गाऊन राह्यली?" आणि तुम्ही तसेच, हातपायही न धुता, काकूंकडे गेलात आणि त्यांना कमी हप्त्याची, परत काही न देणारी, पण बरंवाईट झालं तर घर सावरेल अशी पॉलिसी समजावून आलात. तिच्यात तुम्हाला फारसं काही मिळत नव्हतं. मला आठवडाभर तुमचा राग होता. चार लोकांत नाही बोललात, घरातच बोललात, तरी होता.

तर या वेळी मी तीन पॉलिसी घेतल्या. एक फोनवरची, एक बँकेतल्या माणसानं पुढे केलेली, आणि एक वहिनीच्या भाच्याची. तिघांनाही तेच वय सांगितलं, तेच गाव, तेवढीच रक्कम आणि तीच शुगर. हे ऐकायला सोपं वाटतं, पण तिघांपैकी कुणालाच ते नको होतं. फोनवरची मुलगी हिंदीत फार अदबीनं बोलत होती. तिनं आधी सांगितलेला हप्ता इतका कमी होता की मी दोनदा विचारलं. मग कळलं की तो तिशीतल्या धडधाकट माणसाचा आहे. दादाचं वय आणि दादाची शुगर घातल्यावर तो चांगलाच वर चढला आणि चांदण्या मात्र तेवढ्याच राहिल्या. बँकेतल्या पॉलिसीचा हप्ता खरंच कमी होता, पण दवाखान्यातल्या खोलीच्या भाड्याला मर्यादा होती. मला वाटलं, बरं, खोलीचे वरचे पैसे आपण भरू. तसं नसतं. महागडी खोली घेतली की त्या प्रमाणात डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्च, सगळ्यालाच कात्री लागते. हे शेवटून तिसऱ्या पानावर होतं. मी ते मागून वाचत आले म्हणून लवकर सापडलं.

भाच्याची पॉलिसी मी सगळ्यात शेवटी उघडली आणि खरं म्हणजे ती पडावी म्हणूनच उघडली. भिडेखातर घेतलेली गोष्ट वाईटच असणार, असं मी धरून चालले होते. हप्ता तिघींत जास्त होता, तेव्हा मला जरा बरं वाटलं. पण आधीपासून असलेल्या आजारासाठी इतर दोघी बरीच वर्षं थांबायला लावत होत्या, हिच्यात शुगरसाठी थांबायचा काळ सगळ्यात कमी होता. खोलीभाड्याची अट नव्हती. दादा जिथे जाऊ शकेल असे यवतमाळचे आणि नागपूरचे दवाखाने यादीत होते. बाकीच्या दोघींची यादी मोठी होती, पण त्यातले निम्मे दवाखाने मुंबई-पुण्याचे. दादा तिकडे कशाला जाईल? मी पुन्हा सगळं वाचलं, काही तरी खोट निघेल म्हणून. शाळेतल्या एका बाईंनी हीच पॉलिसी घेतली होती आणि त्यांचे मिस्टर भरती झाले होते, त्यांना जाऊन विचारलं, पैसे मिळाले का, किती कापले, किती फेऱ्या घातल्या. त्यांच्याही बऱ्याच तक्रारी होत्या, पण पैसे मिळाले होते. म्हणजे भाच्याचीच पॉलिसी दादासाठी बरी होती. मला ते मान्य करायला जड गेलं, बाबा. वहिनीला फोन केला तर ती म्हणाली, "मंग मी काय म्हनत होती?" ती वेगळंच म्हणत होती, पण मी हो म्हटलं.

गेल्या रविवारी मी एस.टी.नं दादाकडे गेले. भाचा आधीच येऊन बसला होता. वहिनीनं पोहे केले होते, दादा नुकताच वावरातून आला होता, मानेवर गमछा. भाचा फोनवर फॉर्म भरत होता आणि एकेक प्रश्न विचारत होता. शुगरचा प्रश्न आला तेव्हा तो सहज म्हणाला, "मावसाजी, शुगरचं नाई लिहीत. लिहिलं की हप्ता वाढते. सगळेच असंच करते."

वहिनीनं मान डोलावली. दादा माझ्याकडे बघायला लागला. पोरगा वाईट नाही हो, त्याला खरंच वाटत होतं की तो आमचे पैसे वाचवतो आहे. मी म्हटलं, "आणि उद्या शुगरनंच दवाखान्यात न्यावं लागलं तर? कंपनी जुने कागद मागेल तेव्हा काय दाखवायचं?" वहिनीचा आवाज चढला. "तुमी त्याच्यावर इस्वासच नाई ठेवत. पह्यल्यापासूनच पाहून राह्यली मी." मी सांगायचा प्रयत्न केला की मी त्याच्याच पॉलिसीच्या बाजूची आहे, खरं लिहिलं तर तीच सगळ्यात चांगली आहे, खोटं लिहिलं तर तिन्ही सारख्याच, तिन्हीतून काही मिळणार नाही. पण वहिनीनं तोंड फिरवलं होतं. मला वाटलं, संपलं, आता दादाचा विमाही जातो आणि माझं माहेरही.

दादा म्हणाला, "लिही रे. शुगर लिही. वाढू दे हप्ता." भाच्यानं लिहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला. घरात आई-वडिलांना कुणाला मोठा आजार होता का, वडील कशानं गेले.

तुम्ही कशानं गेलात हे आम्हा दोघांना चांगलं ठाऊक आहे, पण त्या घरात तो शब्द आम्ही फारसा काढत नाही. दादानंच सांगितलं, "छातीत दुखून गेले. रस्त्यातच." मग त्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली. गमछ्यानं तोंड पुसलं. "आन हेही लिही," तो म्हणाला, "मलेही दुखते. दिवाळीपासून. फवारनीचा पंप पाठीवर घेतला की दुखते, खाली ठेवला की थांबते."

वहिनीच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "मले काहून नाई सांगतलं तुमी?"

"कोनी इचारलं कुठी?" दादा म्हणाला, अगदी साधेपणानं, पाऊस किती पडला ते सांगावं तसा.

भाच्यानं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मग तो मला म्हणाला, "आत्या, हे लिहिलं तं कंपनी आता नाई म्हनू शकते." मी म्हटलं, "म्हणू दे." तोच उठला, शेजारच्याची चारचाकी मागून आणली आणि आम्ही दादाला घेऊन यवतमाळला आलो. वाटेत वहिनी माझा हात धरून बसली होती. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, बराच वेळ बघितली आणि नागपूरला मोठी तपासणी करायला सांगितलं. वजन उचलायचं नाही, पंप तर अजिबात नाही. परत निघताना मला रडू आवरेना, तर दादा म्हणतो, "बाई, कायले रडून राह्यली? हप्ता तं अजून भरलाच नाई आपन." वहिनीसुद्धा हसली. मला हसता आलं नाही.

तेव्हा कोणती पॉलिसी घेतली असं विचाराल तर, बाबा, अजून कोणतीच नाही. नागपूरची तपासणी उद्या आहे. तिच्यात काय निघतं त्यावर कंपनी हो म्हणेल, हप्ता वाढवेल किंवा नाहीच म्हणेल. भाच्यानं सगळं खरं लिहून फॉर्म तसाच थांबवून ठेवला आहे. मी आज दिवसभर पुन्हा त्या तीन पॉलिसी वाचत बसले होते. आता त्यांतलं काही आमच्या हातात नाही, तरी वाचत होते. वाटेल त्या कलमाचा अर्थ मी आता सांगू शकते. घरात सगळ्यांना वाटतं आहे की मला खर्चाची काळजी आहे, आणि मीही तसंच भासवते. वहिनीला मी म्हटलं, पैशाचं मी बघते, तुम्ही निश्चिंत राहा.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, म्हणून इथे लिहून टाकते. मला पैशांची काळजी नाही. मी घाबरले आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं लगेच धीर दिला असता, तुम्ही तसला धीर कधी कुणाला दिला नाही. मला दादा हवा आहे, बाबा.