खालची खोली, वरचं बटण

दि. १२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी आणि बाबा. तुझा खोकला गेला का, की अजून डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडत बसलायस?

बाबा ठणठणीत आहेत. गुडघे कुरकुरतात, पण जिने चढतात. फोनवर तू "बाबा बरे ना?" विचारतोस, मी "बरे" म्हणते आणि आपलं बोलणं संपतं. म्हणून म्हटलं, लिहावं. लिहिताना मध्येच कोणी "बरं, ठेवू का?" म्हणत नाही.

नाट्यगृहात एक बदल झालाय. ॲम्प्लिफायर आता साउंडच्या केबिनमधूनच लागतात. मिक्सरशेजारी एक छोटी पेटी बसवलीय. तिचं बटण दाबलं की रंगमंचाखालच्या खोलीतले चारही ॲम्प्लिफायर एकामागून एक लागतात आणि पेटीवरचा लाल दिवा हिरवा होतो. जायला नको, यायला नको.

हो, तेच बटण. तुझं आणि बाबांचं ज्याच्यावरून वाजलं होतं. तू म्हणालास, वरूनच लावू, खाली माणूस कशाला? ते म्हणाले, "मी असेपर्यंत माझ्या हातानंच लागतील." तू बॅग भरलीस आणि मिक्सरची खुर्ची माझ्या गळ्यात पडली.

आता विचारशील, मग बाबा तयार कसे झाले? झाले नाहीत. त्यांना सांगितलेलंच नाही.

मागे एका शाळेचा कार्यक्रम होता. पाहुण्यांचं भाषण अगदी रंगात आलेलं आणि बाबांनी खाली ॲम्प्लिफायर बंद केले. कार्यक्रम संपला असं त्यांना वाटलं. पाहुण्यांचे ओठ हलत राहिले, पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मलाही हसू आलं. पण पुढच्याच प्रयोगाला त्यांनी इंटरकॉमवर "बंद केले" सांगितलं, म्हणून मी मिक्सर बंद केला, आणि स्पीकर असे धाडकन वाजले की एकाचा पडदा फाटला. खाली ॲम्प्लिफायर चालूच होते. आधी ॲम्प्लिफायर बंद, मग मिक्सर, हे आपल्याला शिकवलं कोणी? त्यांनीच ना? व्यवस्थापक म्हणाले, "बाबांना घरी बसवा, नाहीतर काहीतरी सोय करा." मी सोय केली. बाबांना घरी बसवणं म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको.

खालची जुनी बटणं तशीच आहेत, फक्त त्यांना काही जोडलेलं नाही. बाबा खाली जातात, एकेक खटका दाबतात, इंटरकॉमवर "लावले" म्हणतात. मग मी वरून बटण दाबते. त्यांच्या डोळ्यांसमोर ॲम्प्लिफायरचे दिवे लागतात. ते खूश, व्यवस्थापक खूश, आणि मी चोरासारखी बसलेली.

इथवरचं मला निदान समजत होतं. पुढचं समजत नाही.

दादा, ते खालून मला हाक मारतच नाहीत. "दादू, लावले रे," म्हणतात. घरी चहा पिताना मी त्यांची बारकीच असते. पण एकदा ते त्या खोलीत उतरले की वर तू बसलेला असतोस. पहिल्यांदा मी म्हटलं, "बाबा, मी आहे." मग बारीक आवाजात, "दादू कुठे गेला?" तेव्हापासून मी नुसतं "हं" म्हणते. घसा खाकरून, जरा जाड आवाजात. हसू नकोस. नाहीतर हसच, मला बरं वाटेल.

परवा तर गोंधळच झाला. नाटकवाले घाई करत होते आणि मी नादात बटण आधीच दाबलं. चूक लक्षात आली तोवर दिवा हिरवा. मी इंटरकॉमसमोर श्वास रोखून बसले. म्हटलं, आता ओरडणार, आता माझं पितळ उघडं पडणार.

"दादू, वरूनच लावलेस?"

"हं."

"चारही लागलेत की! नीट, एकामागून एक. शाब्बास." मग म्हणाले, "तुझंच बरोबर होतं रे. आता मी वर येऊ का?"

मला "हं" म्हणता आलं नाही. रडूच फुटलं.

थोड्या वेळानं ते आपणच वर आले. दारात उभं राहून आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बारके, तोंड का उतरलंय तुझं?" त्यांना सगळं कळतंय की काहीच कळत नाही? मी त्यांना फसवतेय, की तेच मला? काल पुन्हा खाली गेले, पुन्हा ते मेलेले खटके दाबले, पुन्हा "दादू, लावले रे." जणू परवाचं काही झालंच नाही. माझं डोकं चालेनासं झालंय.

बाबा ठणठणीत आहेत, असं मी वर लिहिलंय. तसे नाहीत. त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं, ते तुला बोलले नाही. आजाराचं नाव लांबलचक आहे. अर्थ एवढाच की हे वाढत जाणार. आधी मला विसरतील की तुला, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

ती शाब्बासकी तुझी आहे, दादा. मी उगाच घेऊन बसलेय. एकदा ये आणि या खुर्चीत बस. खालून "लावले रे" आलं की बटण दाब. आणि "वर येऊ का" असं त्यांनी पुन्हा विचारलं, तर "या बाबा" म्हण. माझ्या आवाजात ते जमत नाही.

सध्या तुझ्या जागेवर बसलेली,
बारकी