हिच्यासाठी दहा स्तोत्रं, हालचालींसह

३ मार्च
आजपासून रोजनिशी. जे घडणार आहे त्याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी.

रविवारी चर्चमध्ये उपासनेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. देवाने शरीर दिलंय ते काय नुसतं बाकावर टेकवायला, असं म्हणाल्या. मग हात वर करून, वाकून, गुडघे टेकून, टाळ्या वाजवून स्तोत्रं म्हणून दाखवली. मंडळी लाजली. मी नाही लाजलो. बत्तीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक आहे. वर-खाली हा माझाच विषय.

हिला झटका आला त्याला आज अठ्ठावन्न दिवस. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं मात्र सगळं. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. डॉक्टरांना सिस्टिम कळत नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली म्हणजे मोटर जळाली असं नसतं, बहुतेक वेळा ब्रेक लागलेला असतो. ब्रेक सोडायचा, बस.

प्लॅन: बायबलमधली दहा स्तोत्रं, दहा हालचाली. रोज सकाळी साडेसहा, हिच्या पलंगासमोर. ३० एप्रिलला ही स्वतः उठून दार उघडेल.

४ मार्च, सकाळी ८.१०
साडेसहाला जाग आली नाही. पण उठलो तेव्हा दोन्ही हात डोक्यावर होते. अंगाने आपली सुरुवात केलेली दिसते.

५ मार्च
स्तोत्र १३४. हात वर. उजवा हात ट्यूबलाइटला लागला, पट्टी खाली आली. हिच्या अंगावर पडली नाही, केवढी कृपा. ही डोळे घट्ट मिटून होती. प्रार्थनेत असावी.

७ मार्च
फिजिओथेरपीच्या बाई आल्या. मी मनात त्यांना हवालदारीण म्हणतो. हिची बोटं दिवसातून चारदा, वीस-वीस वेळा उघडायची, खांदा फिरवायचा, चुकवायचं नाही, असा हुकूम. मी सांगितलं, आमचं संपूर्ण शरीराचं चालू आहे. त्यांनी विचारलं, कुणाच्या?
विनोदबुद्धी कमी आहे बाईंना.

११ मार्च
दोन्ही गोष्टी वेळेत बसत नाहीत. ड्यूटीही आहे. हिला दमवण्यात अर्थ नाही. बोटं दोनदा केली तरी पुरे. शेवटी व्यायाम काय, स्तोत्र काय, मालक वरचा एकच आहे.

१६ मार्च
स्तोत्र ९५. गुडघे टेकणे. आजवरचा सगळ्यात मोठा अनुभव!
सकाळी ६.४० ला टेकले. ६.४५ ला उठायला गेलो, डावा गुडघा लॉक. पलंगाचा कठडा हाताला येईना. फोन स्वयंपाकघरात, उंच फळीवर. ही वर आडवी, मी खाली उभा-ना-बसलेला. दोघं एकमेकांकडे बघत होतो. दोघांपैकी एकालाही उठता येत नव्हतं.
८.१५ ला हवालदारीण आली, दार कसंबसं सरपटत जाऊन उघडलं. तिने मला उचलून खुर्चीत टाकलं.
म्हणजे दीड तास सलग गुडघ्यांवर प्रार्थना. पाळकांनासुद्धा जमणार नाही.

१७ मार्च
गुडघ्याला सूज. डॉक्टरांनी बसून राहायला सांगितलं. बोटांचे व्यायाम आज नाहीत, मला वाकवत नाही.

२१ मार्च
बोटं राहिली. सूज.

२२ मार्च
लेकीचा फोन. आईला काही दिवस माझ्याकडे घेऊन येते म्हणाली, तिकडे मोठं हॉस्पिटल आहे. मी म्हटलं, इथे प्रचंड सुधारणा आहे. कसली सुधारणा, असं तिने विचारलं. मी म्हटलं, वातावरणात.
मग ती म्हणाली, बाबा, आईला फोन द्या. कानाला लावला. पलीकडून लेक काहीतरी सांगत होती, इकडे ही ऐकत होती. फोन परत घेतला तेव्हा ओला होता.

२६ मार्च
स्तोत्र ४७. टाळ्या. जोरात आणि मनापासून. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचे मास्तर धापा टाकत वर आले. चेहरा उजळलेला. वहिनी चालल्या का, असं विचारलं.
मी म्हटलं, अजून नाही, आधीच आनंद करून ठेवतोय.
मास्तर चपला न घालताच खाली गेले. त्या मी नंतर नेऊन दिल्या.

२ एप्रिल
गुडघा ठीक नाही, म्हणून बसल्या बसल्या वाचायचं स्तोत्र निवडलं. १३७. वाचायला लागलो, खणखणीत आवाजात. तुला विसरलो तर माझा उजवा हात आपलं कसब विसरो, या अर्थाची ओळ आली. मी हात पुढे करून अभिनयासह म्हटली.
हिने तोंड भिंतीकडे वळवलं.
खिडकीतून ऊन येत होतं. त्याचा त्रास झाला असणार. पडदा ओढला.

२ एप्रिल, दुपार
ही एका टेलरसाठी काजं करायची. शर्टाची, कोटाची. हाताने. तो म्हणायचा, मशीनला असं जमत नाही. उजव्याच हाताने करायची. आत्ता आठवलं.
पडदा उघडला. तोंड भिंतीकडेच.

९ एप्रिल
हवालदारीण आज पंधरा दिवसांनी आली, मध्ये रजेवर होती. हिचा उजवा हात हातात घेतला. मूठ उघडेना. नखं तळव्यात रुतली होती. तिने वेळ घेऊन एकेक नख कापलं, तळवा पुसला, पावडर लावली.
मग विचारलं, दिवसातून किती वेळा करत होतात?
मी म्हटलं, चारदा.
हिने डाव्या हाताचं एक बोट वर केलं आणि नाही म्हणून हलवलं. दोनदा.
वाचा नाही, पण माझी चुगली करता येते.
हवालदारीण ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. खालच्या आवाजात म्हणाली की आता ही बोटं सरळ होणं कठीण आहे. मग बॅग उचलून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१० एप्रिल
स्तोत्र ५१, पापकबुली. यादीत नव्हतं. हालचाल: जमिनीवर पालथं पडणे. गुडघ्यामुळे शक्य नाही. म्हणून लिहितो.
४ जानेवारीला सकाळी ही म्हणाली होती, अहो, हाताला मुंग्या येताहेत, सुई धरवत नाही. मी म्हटलं, जरा पडून राहा, कालची ॲसिडिटी असेल. चौथ्या मजल्यावर लिफ्ट अडकल्याचा फोन आला होता, आत दोन माणसं. चाळीस मिनिटांत काढली. मग त्यांनी चहा पाजला. मी आणखी एक कप मागितला. मग रजिस्टर भरलं. घरी आलो तेव्हा तीन तास झाले होते.
लेकीला सांगितलंय, झटका आला तेव्हा मी घरातच होतो.

११ एप्रिल
कालचं पान फाडायला घेतलं. मागच्या बाजूला ९ एप्रिल आहे. राहू दिलं.

१८ एप्रिल
बोटं चारदा, वीस-वीस वेळा. रोज. आज नववा दिवस, आता फरक पडायला हवा असं माझं गणित आहे. करंगळी कालच्यापेक्षा ढिली वाटते. ही म्हणते, नाही. म्हणजे डाव्या हाताने.

३० एप्रिल
आज शेवटचं स्तोत्र, १५०. नाचून स्तुती. ठरलेला दिवस पाळायचा, असं ठरवलं. हिला उशीला टेकवून बसवलं. सकाळी साडेसहाला, अगदी वेळेवर, पलंगासमोर नाचलो. एका पायावर जास्त, दुसऱ्यावर कमी. घाम आला. गुडघा कटकट वाजत होता. थांबलो नाही. वाटलं, मी थांबलो की सगळंच थांबेल.

तेवढ्यात ही बोलली. एकशे सोळा दिवसांनी पहिला शब्द. स्पष्ट.
बस.

मला भरून आलं. बायको बोलली, आणि पहिलं काय म्हणाली, तर नवऱ्याला म्हणाली, दमलास, बस. मी लगेच पलंगावर तिच्या शेजारी बसलो. लेकीला फोन लावायला घेतला.

मग लक्षात आलं. एकोणतीस वर्षं ही मला अहोजाहो करते. बसायला सांगायचं असतं तर बसा म्हणाली असती.

फोन ठेवला. हिचं तोंड भिंतीकडे होतं. उजवा हात मांडीवर घेतला आणि बोटं उघडायला लागलो. वीस वेळा झालं. होती तिथेच आहेत.