दक्षिणेचं दार

वाशीम, मंगळवार, माघ, शके १८५७

घर विकायला काढलेल्या बंधूंनो, आपलं दुःख एकच : गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत जातं! पाहा, रोजनिशीतही सभेची सवय सुटत नाही.

आठ दिवस दाराशीच राबलो. ओटा सारवला, चौकटीला तेल पाजलं, तोरण लावलं. आज अनसिंगचे पाटील आले आणि बाहेरूनच म्हणाले, "घर झकास हाये, मास्तर. पण दार यमाकडं पाहून राह्यलं. मी नाई घेत बा."

दार दक्षिणेला मीच काढलं होतं, हट्टानं, लोकांचा भ्रम मोडायला. पाटलांनाही तेच अर्धा तास पटवत बसलो. ते गेल्यावर ही खोकत म्हणाली, "अवो, तुमी त्याईले घर दाखवून राह्यले होते का सभा घेऊन राह्यले होते?"

हसू आलं नाही. हिला नागपूरच्या इस्पितळात न्यायचं ते याच घराच्या पैशावर. आणि खोकला तर वाढतोच आहे. दिशेत दोष नसतो, हे आजही छातीठोकपणे सांगेन. पण कुणाला? आधीच उशीर तर झाला नाही?

वक्त्या, पुरे झालं. उद्या सकाळी गवंडी बोलाव आणि हे दार विटांनी बुजवून पूर्वेला नवं काढ.